एव्हरेस्ट झाले, पेरजागडाचे काय?

मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेचे कौतुक दिल्लीपर्यंत झाले. कातळावरच्या सरावासाठी मात्र या पोरांना तेलंगणातल्या भोंगीरला जावे लागले होते.

सत्कार झाले. पण त्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या पेरजागडावर कुणी कड्यात अडकला तर दोर घेऊन धावणार कोण? राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची विदर्भातली तुकडी नागपुरात. नागभीडचे एक वेळ निभेल, शेजारच्या गडचिरोलीतल्या भामरागडचे काय? पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो, हा तिथला जुना अनुभव. शिवाय पेरजागडावर मधमाश्यांच्या हल्ल्यात पर्यटकांचे जीव गेले आहेत. दोराला लटकलेल्याला तर पळताही येत नाही.

बरे, दोर तरी कोणता? चढाईचा दोर ताणतो आणि पडणाऱ्याचा हिसका स्वतःवर घेतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत 80 किलोचे वजन पाच वेळा आदळूनही तो तुटता कामा नये. उतरण्याचा आणि बचावाचा दोर फारसा ताणत नाही. त्यावर उंचावरून पडलेला माणूस, दोर शाबूत राहूनही, मोडतो. बैल बांधायचा नायलॉनचा दोर यांपैकी कुठल्याच कामाचा नाही. आणि गावात ऐनवेळी हाती लागतो तो नेमका तोच.

जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांसारख्या मुरलेल्या गिर्यारोहकाचा जीव गेला. तिथे हौशी पर्यटकांची काय कथा!

सह्याद्रीत निदान मदतीला माणसे आहेत. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून खाली उतरण्यात महाबळेश्वर परिसरातले स्थानिक ट्रेकर पुढे होते. दरी त्यांच्या पायाखालची होती, म्हणून ते तळापर्यंत पोहोचू शकले.

चंद्रपूर-गडचिरोलीत अशी माणसे नव्याने शोधायचीही गरज नाही. ‘मिशन शौर्य’ची पहिली तुकडी आज पंचविशीच्या आसपास आहे. त्यांना प्रशिक्षक नेमून जिवती, नागभीड आणि भामरागड येथे मानधनावर बचाव पथके उभी करता येतील. कोळसा आणि लोहखनिजाच्या या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे. काही दोर, हार्नेस, हेल्मेट आणि स्ट्रेचर त्याला जड नाहीत. कोणता दोर कधी घेतला, कधी बाद केला, याची नोंदवही तहसील कार्यालयात राहावी. दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पावसाळ्याआधी पथके उभी करावीत.