डोहाळजेवणाची आदल्या दिवशीची तयारी

गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात, काही घराण्यांत पाचव्या किंवा नवव्या महिन्यात, गर्भवतीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून, तिची ओटी भरून आणि तिला आवडीचे पदार्थ खाऊ घालून जो समारंभ केला जातो, त्याला मराठी समाजात डोहाळजेवण म्हणतात. डोहाळे म्हणजे या काळात मनात उठणाऱ्या, विशेषतः खाण्यापिण्याच्या, अनिवार इच्छा. त्या पुरवाव्यात असे सुश्रुतसंहितेसारख्या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथानेही सांगितले आहे, आणि चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते या समजुतीने अशा स्त्रीला तेथे दौहृदिनी, म्हणजे दोन हृदये असलेली, असे नाव दिले आहे. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागतात. मातीच्या अशा ओढीचा संबंध आजचे वैद्यक पुष्कळदा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी जोडते. झोपाळा, धनुष्यबाण, चंद्रकोर, गाणी ही सारी शोभा खरी. परंतु समारंभाचे मूळ प्रयोजन त्या स्त्रीचे खाणे आणि तिचा आनंद हेच आहे. आज पुष्कळ घरांत या प्रयोजनाचाच विसर पडतो, कारण ओटी, छायाचित्रे आणि पाहुण्यांचे स्वागत यांत तिची जेवणाची वेळ टळते, घरातल्या बायका दुपारभर शेगडीपुढे अडकतात, आणि शेवटी तिच्यापुढे जे भरगच्च ताट येते ते तिला झेपत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी परिसराचा विचार केला तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या गावी वसवलेल्या शहराचा हा जुना, दाट वस्तीचा भाग असून टिळक पथ, औरंगपुरा, मछली खडक आणि पैठण गेट या बाजूंनी बाजार त्याला वेढून आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना येथे सर्रास आढळते, स्वयंपाकघरे लहान असतात आणि गल्लीत मंडप घालण्याइतकी जागा क्वचितच मिळते. त्यात पाण्याची टंचाई. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळणाऱ्या या शहरात नळाला अनेक वर्षे रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्यामुळे तीस-चाळीस ताटे, वाट्या आणि पातेली घासणे हा केवळ कष्टाचा नव्हे तर साठवलेल्या पाण्याच्या हिशेबाचा विषय होतो. अशा घरांत पंगतीऐवजी दुपारी चारच्या सुमारास लहान लहान, हातात धरून खाण्याजोग्या आणि आदल्या दिवशी बहुतांश तयार होणाऱ्या पदार्थांचा बेत करणे हेच अधिक शहाणपणाचे आहे. पाश्चात्य देशांतील बेबी शॉवर नावाच्या समारंभातही असेच छोटे खाद्यपदार्थ मांडण्याची रीत आहे. तथापि त्यासाठी मराठी घराला परक्या पाककृती शोधाव्या लागत नाहीत, कारण आधी करून ठेवण्याची विद्या या स्वयंपाकघरात पूर्वीपासून नांदत आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही लहान घासांचाच बेत योग्य ठरतो. गर्भारपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायू सैल पडतो, वाढत्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो, आणि म्हणून सातव्या महिन्यानंतर पोटभर जेवल्यास छातीत जळजळते, आंबट पाणी वर येते; थोडे थोडे, अनेक वेळा खाणे तिला मानवते. याच सुमारास, 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान, गर्भारपणातील मधुमेहाची तपासणी होते, ज्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर मोजली जाते. हे प्रमाण प्रति डेसिलिटर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघालेल्या स्त्रीसमोर साखरभात, श्रीखंड आणि जिलबी मांडून आग्रह करणे हे प्रेमाचे लक्षण मानता येत नाही. बेत ठरवण्यापूर्वी तिला काय खावेसे वाटते आणि डॉक्टरांनी काय वर्ज्य केले आहे, हे दोन प्रश्न तिलाच विचारावेत. आश्चर्य असे की, हे पुष्कळदा तिच्या आईला किंवा सासूला विचारले जाते, तिला नाही.

आधी करून ठेवण्याच्या पदार्थांत पहिला मान वाफवून मग तळायच्या वड्यांचा आहे. कोथिंबीरवडीत निवडून, धुऊन, पूर्ण निथळून बारीक चिरलेली कोथिंबीर डाळीच्या पिठात, थोड्या ज्वारीच्या पिठात, तीळ, ओवा, हळद, तिखट आणि मीठ घालून घट्ट मळतात, त्याचे उंडे तेल लावलेल्या चाळणीवर ठेवून सुमारे वीस मिनिटे वाफवतात, आणि पूर्ण गार झाल्यावरच कापतात. येथे घाई केली की वड्या भुसभुशीत होऊन तुटतात, कारण पिठातील शिजलेला स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. म्हणून आदल्या रात्री वाफवलेला उंडा दुसऱ्या दिवशी ताज्या उंड्यापेक्षा सुबक कापला जातो आणि तळताना तेलही कमी पितो. थोडक्यात, कोथिंबीरवडी आधी करून ठेवणे ही तडजोड नसून तिच्या गुणाची गरज आहे. हेच आळूवडीला लागू पडते. वडीसाठी काळसर देठाची पाने घ्यावीत, शिरा लाटण्याने दाबून घ्याव्यात आणि डाळीच्या पिठाच्या सारणात चिंचेचा कोळ सढळ हाताने घालावा. आळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, घशाला येणारी खाज त्यांचीच असते, आणि चिंचेची आंबटाई व पुरेशी वाफ यांनी ती कमी होते. वाफवलेल्या गुंडाळ्या झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस आणि बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. समारंभाच्या दिवशी फक्त काप करून तळणे किंवा तव्यावर थोड्या तेलात खरपूस परतणे उरते, आणि जळजळीचा त्रास असलेल्या स्त्रीसाठी न तळता वरून हिंग-मोहरी-तिळाची फोडणी दिली तरी भागते.

डाळीच्या पिठाचे वडे आणि वड्या यांची परंपरा या भूभागात किती जुनी आहे, याची साक्ष बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील अन्नप्रकरण देते. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव, आणि 1948 पर्यंत दोन्ही प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होते. गुलमंडीच्या बाजारपेठेत मराठी कुटुंबांबरोबर गुजराती आणि मारवाडी व्यापारी कुटुंबेही राहत आली आहेत, त्यांच्यात गोदभराईचा विधी असतो. जुन्या शहरातील दखनी मुस्लिम कुटुंबांत सातव्या महिन्यातच सतवासा नावाचा समारंभ होतो. या शेजारामुळे ढोकळा, खांडवी आणि सामोसे डोहाळजेवणाच्या बशीत सहज येऊन बसतात. खांडवी म्हणजेच सुरळीची वडी. ताक आणि डाळीचे पीठ आटवून, ताटाच्या पाठीवर पातळ पसरून गुंडाळलेली ही वडी सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येते, मात्र वरची फोडणी आणि ओले खोबरे वाढतेवेळीच घालावे, कारण ओले खोबरे उष्ण हवेत काही तासांत आंबूस होते.

मराठवाड्याचा खास ऐवज मात्र ज्वारीचा आहे. धपाटे म्हणजे ज्वारीचे पीठ, कणीक आणि डाळीचे पीठ दह्यात मळून, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि तीळ घालून, ओल्या फडक्यावर थापून भाजलेली जाड पोळी. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात मळलेल्या पिठाची भाकरी. दोन्हींचा जन्म प्रवासाच्या शिदोरीसाठी झाला असल्याने त्या एक दिवस मऊ राहतात आणि गार खाल्ल्या तरी गोड लागतात. थापलेल्या धपाट्याचे वाटीने गोल तुकडे पाडून भाजले, एका तुकड्यावर घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, की दोन घासांचा असा पदार्थ होतो की ज्यात धान्य, डाळ आणि दही एकत्र येतात. शहरातील समारंभांत सँडविच आणि कटलेट यांची गर्दी होत असताना धपाट्याला गावाकडचे खाणे म्हणून मागे ठेवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. त्या बशीत त्याच्याइतके योग्य दुसरे काही नसते. सुशीला, म्हणजे भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, शेंगदाणे आणि डाळव्याचे कूट घालून दिलेली फोडणी, हाही याच भागाचा लाडका पदार्थ आहे, परंतु तो करून ठेवला तर लगदा होतो. त्यासाठी डाळव्याचे कूट आणि भाजलेले दाणे आधी तयार ठेवावेत आणि बाकीची दहा मिनिटे ऐनवेळी द्यावीत.

काही पदार्थ आधी करून ठेवू नयेत, आणि हे सांगताना भीड बाळगता येत नाही. डोहाळजेवणात पाच किंवा सात प्रकारचे भात करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. भाताच्या दाण्यात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे उष्णतेतही टिकणारी सुप्त रूपे, असू शकतात. भात शिजवल्याने ते मरत नाहीत, भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यांची वाढ होते, आणि उलट्या घडवणारे त्यांचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणून सकाळी शिजवून सायंकाळपर्यंत पातेल्यात ठेवलेला दहीभात किंवा चित्रान्न टाळावे आणि भात हवाच असेल तर एकच, ताजा करावा. 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेला ओलसर पदार्थ दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचे तापमान चाळिशी ओलांडते तेव्हा ही मर्यादा एक तासाचीच मानावी. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो. कच्च्या दुधाचे पदार्थ टाळणे आणि फ्रिजमधून काढलेले अन्न आतपर्यंत वाफाळेल इतके तापवणे हे त्यावरचे उपाय आहेत.

पाण्याविषयी याहून कडक राहावे लागते. हिपॅटायटिस ई ही दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ इतरांना बहुधा बरी होऊन जाते, परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जीवघेणी ठरू शकते. जेथे नळ काही दिवसांनी येतो, टाकी आणि हंडे भरून ठेवावे लागतात, तेथे पाणीपुरीचे पाणी, बाजारचा बर्फ, कच्च्या मोडांची कोशिंबीर आणि न उकळलेल्या पाण्यात वाटलेली चटणी या समारंभातून वगळलीच पाहिजे. आंबटाचे डोहाळे त्यामुळे अपुरे राहत नाहीत. चिंच, खजूर आणि गूळ शिजवून केलेली चटणी आंबटपणा व साखर यांच्या बळावर फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकते, हिरवी चटणी उकळून गार केलेल्या पाण्यात वाटून बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते, आणि या दोन चटण्या तयार असल्या की वाफवलेले मूग, उकडलेला बटाटा, शेव आणि कुरकुरीत पुऱ्या यांची शेवपुरी तिच्यासमोर क्षणात तयार होते. वरून पिळलेले लिंबू डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. चहा मात्र उलट परिणाम करतो, म्हणून तिच्यापुरता तो खाण्यानंतर तासाभराने ठेवावा.

कोरड्या पदार्थांना, म्हणजे चकली, शंकरपाळे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा यांना, ही चिंता नसते, कारण त्यांत जिवाणूंच्या वाढीला लागणारे पाणीच उरत नाही. त्यांचा शत्रू हवा आणि जुने तेल, म्हणून ते आठवडाभर आधी ताज्या तेलात तळून घट्ट डब्यात भरावेत. गोडाचे काम बाजारावर सोपवणे चांगले. गुलमंडीच्या मिठाईच्या दुकानांतील इमरती, म्हणजे उडदाच्या डाळीच्या पिठाची, फुलाच्या आकाराची पाकातली मिठाई, त्याच दिवशी सकाळी आणावी, लहान तुकडे करून ठेवावे, आणि खव्याचे पेढे मागवले तर ते ताजे आहेत याची खात्री करून फ्रिजमध्येच ठेवावेत.

प्रमाणाचा अंदाज चुकल्याने फार अन्न वाया जाते. संध्याकाळचे जेवण पुढे नसेल तर माणशी सहा ते सात लहान नग, असेल तर तीन ते चार पुरतात. म्हणजे जेवण पुढे नसताना तीस पाहुण्यांसाठी तीन प्रकारांचे प्रत्येकी साठ-सत्तर नग. कमलाबाई ओगले यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुचिरामध्ये वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजवले, त्याच मापाने दोन जुड्या कोथिंबिरीला दोन वाट्या डाळीचे पीठ घेतल्यास सुमारे तीस वड्या होतात, आणि त्यावरून हिशेब मांडणे सोपे जाते. भाजी दोन दिवस आधी जाधववाडीच्या बाजारातून आणावी, आदल्या दुपारी निवडणे आणि सायंकाळी वाफवणे उरकावे, रात्री चटण्या भराव्यात. म्हणजे दुसऱ्या दिवशी पाहुणे येताना एकच कढई शेगडीवर राहते आणि ती अर्ध्या तासात उतरते. त्या अर्ध्या तासासाठीही घरातील पुरुषांनी कढईपुढे उभे राहावे, कारण गाणी म्हणणाऱ्या आणि ओटी भरणाऱ्या बायकांत त्या दिवशी घरच्या सगळ्याजणी असल्या पाहिजेत.

पहिली बशी गर्भवतीच्या हाती, ओटीच्या आधीच, द्यावी. ओटी भरण्याचा मान परंपरेने सवाष्णींपुरता ठेवला गेला असून त्यामुळे विधवा, अविवाहित आणि मूल नसलेल्या स्त्रिया अशा घरात कोपऱ्यात बसतात किंवा येतच नाहीत. खाण्याच्या बशीला अशी कोणतीही अट शास्त्राने किंवा रूढीने घातलेली नाही, तेव्हा निदान ती त्यांच्या हातून वाढली जावी आणि त्यांच्यासोबत खाल्ली जावी, आणि ओटीचीही अट जी घरे सोडतील त्यांचे स्वागत करावे. शेवटी उरलेल्यांपैकी चकली, शंकरपाळे आणि चिवडा पाहुण्यांना बांधून द्यावा, न तळलेले उंडे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावेत, आणि दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेले दही, खोबरे व शेवपुरी यांतले काहीही तिच्यासाठी राखून ठेवू नये.