एक्स्पीवाल्याची बाजू

‘अजून एक्स्पी?’ असं म्हणून हसणारे मला महिन्यातून एकदा तरी भेटतात. त्यांचं म्हणणं असं: जुना संगणक असुरक्षित, वर मंद, आणि त्याला ठिगळं लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

पहिला आक्षेप खरा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्स्पीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा कंपनीला एक्स्पीसाठीही घाईने पॅच काढावा लागला. पण यातून निघतं ते एवढंच, की एक्स्पीला इंटरनेटची तार जोडू नये. माझ्या मशीनला ती नाही. फायली पेनड्राइव्हवरून येतात, तोही आधी दुसरीकडे तपासून.

मुळात हे मशीन ठेवायचंच कशाला? कित्येक जुनी पुस्तकं पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टांत लावलेली आहेत. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक, आणि लॉक बसतो प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये. ‘यूएसबी कन्व्हर्टर घ्या की!’ घेतला. त्यावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बिनतक्रार चालतो, लॉक मात्र सापडत नाही. ती तार संगणकाला फक्त प्रिंटरची ओळख देते. लॉक शोधणारा प्रोग्राम थेट पोर्टच्या जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो, आणि तिथे कोणी राहतच नाही.

‘मग सगळं युनिकोडमध्ये न्या.’ नेतोच आहे. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर बरंचसं सांभाळतो आणि नको तिथे घसरतो. म्हणून प्रत्येक पान मूळ मांडणीशी ताडून पाहावं लागतं, आणि ती मूळ मांडणी दिसते याच मशीनवर. नव्याकडे जायचा रस्ता जुन्यातूनच जातो, हे हसणाऱ्यांच्या गावीही नसतं.

मंदपणाचं नि ठिगळांचं म्हणाल तर आयडीई हार्ड डिस्क मरायला टेकली तेव्हा तिच्या जागी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या ॲडॉप्टरवर बसवलं. दोघांची भाषा एकच, ड्रायव्हरसुद्धा लागला नाही. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगले होते. ते काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण जास्त व्होल्टेजचे डकवले. मसाला बारा आण्यांचा झाला नाही.

आता तीच थट्टा विंडोज १०वाल्यांच्या वाट्याला आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची मुदत संपली आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेली, एरवी धडधाकट मशीनं एका दिवसात म्हातारी ठरली. गंमत अशी, की रजिस्ट्रीत एक नोंद करून टीपीएम १.२वरही विंडोज ११ चढवायची वाट २०२१ साली कंपनीनेच सांगितली होती, धोका तुमचा अशी ताकीद देऊन. म्हणजे ते मशीन चालू शकत नव्हतं असं नाही. पटत नसेल तर त्यावर लिनक्स टाकून बघा.

पण जुगाडाचे भक्तही मला सोसत नाहीत. उघड्या पॉवर सप्लायला चिकटपट्टी लावून ‘आपला भारतीय मेंदू’ म्हणणाऱ्यांनी आमच्या बाजूचं जितकं नुकसान केलं, तितकं कंपन्यांनीही केलं नसेल. जुगाड चालतो तोवर कोणी विचारत नाही. तो बिघडला की कळतं, तो एकाच माणसाच्या डोक्यात होता. आमच्याकडे तेच झालं. एका सकाळी लॉक सापडेना. पोर्ट तपासला, लॉक बदलून पाहिला, दोन दिवस गेले. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे बायोसमधला पोर्टचा पत्ता नि मोड मूळपदावर गेला होता. आधीच्या ऑपरेटरने तो कधीतरी बदलून ठेवला होता आणि कुठेही लिहिला नव्हता.

आता कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: पत्ता ३७८, मोड, बॅटरी बदलल्याची तारीख. कार्डाच्या दोन हुबेहूब प्रती कपाटात आहेत, आणि त्यातली एक दर दिवाळीला लावून बघतो.