डिश काढावी काय?

नालवाडीत परवा एका घरी आम्ही चहाला बसलो होतो. नातू म्हणाला, "आजी, आता डिश काढून टाकू. सारं मोबाईलवरच दिसते." आजीने विचारले, "अन् डाटा सरला का मंग?"

प्रश्न घरखर्चाचा आहे. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम एकाने पाहिला काय अन् लाखांनी पाहिला काय, एकच लहर सर्वांना पुरते. इंटरनेटवर प्रत्येक घरी तो वेगळा पाठवावा लागतो, म्हणून रिचार्ज संपला की चित्र बंद. दूरदर्शनने २००४ साली सुरू केलेल्या सेवेत, आजच्या फ्री डिशमध्ये, छत्री व बॉक्स एकदा घेतला की महिन्याचे बिल नाही.

मोबाईलची सोयही खरी. २०१९ साली बाबासाहेबांवरील 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली, तेव्हा रात्रपाळीच्या कामगाराला मोबाईलचाच आधार होता. प्रसार भारतीनेही २०२४ साली 'वेव्हज' हे ॲप काढले.

पण २०२० च्या ६ डिसेंबरला, कोरोनामुळे चैत्यभूमीवर गर्दी करू नका असे आवाहन झाले, तेव्हा दूरदर्शनने अभिवादन थेट दाखवले. ज्या घरी इंटरनेट नाही, तेथेही ते पोचू शकले.

वाचकहो, महिनाभर रिचार्जचा हिशेब वहीत मांडा, मग ठरवा. आमच्या मते, आजी अन् नातू सोबत बसून पाहतील असा एक टी.व्ही. घरात राहू द्यावा.