‘कायम’ या एका शब्दासाठी



परवा नवी पेठेत बाजाराला म्हणून आलेली एक मैत्रीण आमच्याकडे येऊन बसली आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. नवरा सैन्यात होता. ड्यूटीवर असताना गाडी उलटली, डोक्याला मार लागला. जखम भरली, हातपाय शाबूत राहिले. पण माणूस पूर्वीचा राहिला नाही. गॅस चालू ठेवून निघून जातो, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, मधूनच फिट येते, क्षुल्लक कारणावरून हात उगारतो. तपासणीच्या दिवशी मात्र खुर्चीत ताठ बसून नाव, गाव, पलटण बिनचूक सांगतो. ‘तुमचे मालक तर ठणठणीत दिसतात,’ असं तिला ऐकावं लागलं.

तिला सहानुभूती नको होती. एक शब्द लिहून हवा होता : कायम.

तुटलेला पाय दिसतो, मेंदूची इजा दिसत नाही. कायद्यालाही ती नीट दिसलेली नाही. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यातही अपघाताने मेंदूला झालेल्या इजेचं स्वतंत्र नाव नाही. लुळेपणा, वाचादोष, मानसिक आजार अशा कुठल्या तरी रकान्यात तिला बसवावं लागतं, आणि बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के भरावे लागतात.

सैन्याची अपंगत्व पेन्शन ही याहून वेगळी वाट आहे. तिथे विचारतात : अपंगत्व नोकरीमुळे आलं का, किंवा नोकरीमुळे बळावलं का? धरमवीर सिंग हे १९८५ साली सैन्यात भरती झालेले जवान. फिट्सच्या आजारामुळे १९९४ साली त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व वीस टक्के, तेही कायमचं, असं बोर्डानेच लिहिलं. पण नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजूर केली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असं धरावं, तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, शंकेचा फायदा जवानाला, असं न्यायालयाने सांगितलं. तोवर एकोणीस वर्षं गेली होती. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते आधी समजून घ्यावेत.

‘कायम’ शब्दाचं मोलही सरकारच्याच कागदावर आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशानुसार अपंगत्व कायमचं ठरलं की तो निर्णय जन्मभरासाठी अंतिम. जवानाने स्वतः मागितल्याशिवाय फेरतपासणी नाही. म्हणजे ज्या घरात ‘कायम’ लिहिलेला कागद येतो, तिथल्या बाईच्या खेपा थांबतात.

आता आमचा मुद्दा. या सगळ्या कागदांत ती बाई कुठे आहे? रात्री फिट आल्यावर कुशीवर वळवणारी ती, गोळ्या मोजणारी ती, हिशेब आणि मुलं सांभाळणारी ती. सेवेला किंमत असते हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. शंभर टक्के अपंगत्व असेल आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केली, तर ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. सतत सोबत लागते, आणि सोबत हे काम आहे, याची ही कबुलीच. मग शंभराच्या खाली आलं की ते काम पुन्हा बायकोचं कर्तव्य होतं का? चूल पेटवायचं विसरणाऱ्या आणि पेटवलेली विसरणाऱ्या माणसाला एकटं सोडता येतं का, हे टक्के सांगत नाहीत. ते घरातली बाई सांगू शकते. तिची साक्ष बोर्डाने लेखी घ्यावी, ही आमची मागणी आहे.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते. ‘ते मुद्दाम मारत नाहीत हो, आजारच तसा.’ असेल. पण आजार समजून घेणं वेगळं आणि मार खाणं वेगळं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेलं संरक्षण नवरा आजारी आहे, जवान आहे, म्हणून संपत नाही. शिवाय घरची अब्रू म्हणून आपण जे झाकतो, तोच आजाराचा पुरावा असतो. डॉक्टरांना सांगा, केसपेपरवर लिहून घ्या.

अशा मैत्रिणींना आमचं सांगणं एवढंच : एक वही घाला. फिट कधी आली, किती वेळ टिकली, काय विसरले, कुठे हरवले, तारखेनिशी लिहा. अपघाताचा अहवाल, दवाखान्यातून सुटल्याचे कागद, बोर्डाची प्रत जपून ठेवा. नकार लेखी मागा. अपील करता येतं, आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकटीने जायला संकोच वाटत असेल तर आम्हाला हाक मारा.

त्या मैत्रिणीने जाताना नवी पेठेतूनच एक जाड वही घेतली. पहिल्या पानावर तिने तारीख घातली आहे.

— संपादक मंडळ