शेक संपला, स्कॅन बाकी आहे

अकोले-संगमनेरहून, शेवगाव-पाथर्डीहून घशाच्या कॅन्सरचे रुग्ण पुण्याला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात जातात. आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे, बहुधा पस्तीस वेळा किरणोपचाराचा शेक घेतात. शेवटच्या दिवशी घरचे विचारतात, "डॉक्टर, गाठ गेली का?" त्या दिवशी याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. डॉक्टर काही लपवत नाहीत.

शेक थांबला तरी गाठीतल्या पेशी पुढे कित्येक आठवडे मरत असतात आणि गळा आतून सुजलेला असतो. पेट स्कॅनसाठी शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. ती जिथं जास्त खपते ती जागा चित्रात उजळते. पण सुजेलाही साखर लागते. म्हणून महिनाभरातच घाईनं काढलेला स्कॅन नाहक घाबरवतो. तो साधारण बारा आठवड्यांनी काढायचा. ब्रिटनमध्ये मानेत मोठ्या गाठी असलेल्या ५६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांची, म्हणजे २८२ जणांची, मानेची शस्त्रक्रिया सरसकट न करता ती करायची की नाही हे बारा आठवड्यांनी स्कॅन काढून ठरवलं. फक्त ५४ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि जगण्याचं प्रमाण सरसकट शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं नाही. एका स्कॅनची वाट पाहिल्यानं इतक्या माणसांच्या माना सुरीपासून वाचल्या!

उपचाराआधीचा सीटी किंवा एमआरआयही पुढचं बरंच सांगतो: गाठ केवढी, स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरली का, मानेत किती पसरली. मोठ्या गाठीच्या पोटात रक्त नीट पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू नसेल तिथं किरणांचा मारा बोथट होतो. शेक चालू असताना ओढलेली बिडी रक्तातला प्राणवायू आणखी घटवते. "आता काय फरक पडतो" म्हणून आजोबांच्या हातात बिडी देऊ नका. फरक पडतो. बिड्या वळून घर चालवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे बोलणं जड जातं, तरी बोलायलाच हवं.

संगणकाकडून स्कॅन वाचून घेऊन भाकीत करण्याचे प्रयोगही चालू आहेत. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमधील संशोधकांनी फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कॅन्सरच्या १,०१९ रुग्णांचे सीटी असे तपासले. काम मोलाचं आहे, पण तुमच्या माणसाचा उपचार आज संगणकाच्या भाकितावर ठरत नाही, आणि ठरू नये. "चान्स कमी आहे" एवढं ऐकून कुणी शेक अर्धवट सोडू नका. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एकेक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्यानं घटते. कांदा काढणीला आला, पुतणीचं लग्न निघालं, तरी खाडा नको. मुंबईत राहायची अडचण असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. कॅन्सरच्या रुग्णांची तिथं सोय होते.

आणि पहिल्या स्कॅनची सीडी, फिल्म, रिपोर्ट एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. बारा आठवड्यांनंतरचं चित्र त्याच्याशी ताडूनच वाचायचं असतं. शेक संपेल त्याच दिवशी स्कॅनची तारीख कागदावर लिहून घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तेव्हाच विचारा.