कॉम्प्युटर तिचा, तर यादीही तिचीच हवी

लग्नाचा अल्बम हातात आला की आपण सगळ्याजणी आधी स्वतःचा फोटो शोधतो. डोळे मिटलेत का, साडीचा रंग नीट आलाय का, ते बघतो. पण ती पानं कुणी जुळवली असतील, हे काही कुणाच्या मनात येत नाही. आता तालुक्याच्या गावातही हे काम घरी बसून करणाऱ्या मुली आणि सुना आहेत. फोटोग्राफर कार्यालयातून फोटो आणून देतो. त्यातले चांगले निवडणं, रंग सुधारणं, पानं मांडणं हे या करतात. घरदार सांभाळून चार पैसे मिळवून देणारं हे काम आहे.

मला बोलायचंय ते या कामाच्या कॉम्प्युटरबद्दल. त्यावर बसणार ती, हप्ते फेडणार ती, पण तो कसा घ्यायचा हे ठरवणार दीर, भाचा नाहीतर दुकानदार! "वहिनी, ते तुम्हाला नाही कळायचं," असं म्हटलं की विषय संपला. पैठणीची जर पारखणारी, मूठभर गव्हावरून पोत्याचा अंदाज घेणारी बाई इथे मात्र गप्प बसते. हे काही मला पटत नाही.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीनं असा कॉम्प्युटर सुटे भाग जुळवून घ्यायचं ठरवलं. दुकानातून कोटेशन आलं, ते घेऊन ती माझ्याकडे आली. मी पडले आर्ट्सची. मग आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मॅडमकडे गेलो आणि एकेक ओळ समजावून घेतली. सगळ्यात मोठी रक्कम होती ग्राफिक्स कार्डाची. मग रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट. रॅम फक्त ८ जीबी. मॉनिटरपुढे नुसतं '२२ इंच' आणि यूपीएसचा तर पत्ताच नाही! म्हणजे यादी गेम खेळणाऱ्या मुलाची होती, अल्बम करणाऱ्या बाईची नव्हती.

आता हिशोब बघा. अल्बमचं एक जोडपान १२ बाय ३६ इंचांचं असतं. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे एका पानात ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग धरले तर एक साधा थरच शंभर एमबीच्या वर जातो. मागची नक्षी, नवरानवरीचा फोटो, बाजूचे छोटे फोटो, नावं असे दहा थर झाले की झाला एक जीबी. शिवाय चुकलं तर मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप आधीच्या पायऱ्याही धरून ठेवतं.

हे सगळं मांडायला जागा देते ती रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की पातेली सारखी खाली ठेवायची आणि वर घ्यायची, त्यातच वेळ जातो. फोटोशॉप बनवणारी अडोबी कंपनीसुद्धा ८ जीबी ही किमान गरज सांगते आणि शिफारस १६ ची करते. म्हणून १६ जीबी घ्याच, आणि पुढे वाढवायला मदरबोर्डवर जागा आहे ना, ते विचारा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले, तेव्हा भाव दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

फडताळ मात्र दोन हवीत. चालू काम एसएसडीवर आणि जुनी लग्नं साध्या हार्डडिस्कवर. साधी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, तर एनव्हीएमई जातीची एसएसडी हजारांत वाचते. हजार फोटो उघडून बघायचे असतील तेव्हा हा फरक लगेच कळतो.

प्रोसेसर सहा कोअरचा, अलीकडच्या पिढीचा असला तरी या कामाला पुरतो. एक खुबी मात्र लक्षात ठेवा. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असतं. त्यांच्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोय आतच नसते, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. 'एफ' नसलेला घेतला तर कार्डाचे पैसे सध्या वाचतात. कार्ड निरुपयोगी असतं असं नाही. फोटोतले रवे एआयनं घालवणं, व्हिडिओ करणं यांना ते लागतं. पण ते काम वाढल्यावर घेता येतं. दिव्यांचा कॅबिनेट काही फोटो सुधारत नाही!

वाचलेले पैसे मॉनिटरवर घाला. बाकी भाग वेळ वाचवतात, पण रंग खरा की खोटा हे मॉनिटरच सांगतो. पॅनल 'आयपीएस' जातीचा आहे का आणि 'एसआरजीबी'चे रंग जवळजवळ शंभर टक्के दाखवतो का, हे दोनच प्रश्न विचारा. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर हळदीचा एखादा फोटो घेऊन जा. तो उघडून समोरून बघा, बाजूनं बघा, उभं राहून वरून बघा. पिवळा रंग बदलत असेल तर तो मॉनिटर नको. पडद्यावर एक रंग आणि लॅबमधून दुसराच आला की पानं पुन्हा छापायचा भुर्दंड कुणावर बसतो, ते सांगायला नकोच.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस हवाच. दोन तासांचं काम सेव्ह करायच्या आत गेलं तर ते कुणी भरून देत नाही. कॅबिनेटमध्ये आयता येणारा स्वस्त एसएमपीएसही टाळा. '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला मागा, आणि घरचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

कुणी सेकंडहँड मशीन सुचवलं तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते विचारा. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. खर्चात सॉफ्टवेअरही धरा. फोटोशॉप आता एकदाच विकत मिळत नाही, त्याचं भाडं भरावं लागतं. हात बसेपर्यंत गिंपसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं.

आणि लोकांची लग्नं आपल्या एकाच डिस्कवर ठेवू नका. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लग्न काही पुन्हा लागत नाही!

आता शेवटचा भाग, जो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. बिलावर नाव कुणाचं? होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. ते दिवस गेले म्हणतो आपण, पण बाईच्या पैशातून आलेल्या मशीनचं बिल आजही घरातल्या पुरुषाच्या नावावर फाटतं. मग वॉरंटीसाठी त्याला विचारायचं, आणि बँकेत 'माझा धंदा आहे' म्हणायला हातात कागद नसतो. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. तिथे कोटेशन आणि बिल तुमच्या नावाचं असलं की बोलणंच बदलतं.

घरच्यांची मदत जरूर घ्या. भाचा हुशार असतो, दुकानदारही सगळे वाईट नसतात. पण आधी आपलं काम त्यांना सांगा आणि मग भाव विचारा. आमच्या मैत्रिणीनं यादी बदलून मागितली तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक असं सांगत नाही हो कधी, म्हणून आम्ही ठरलेलंच देतो." हे त्यानं खरंच सांगितलं. तेव्हा मैत्रिणींनो, कोटेशन तिथल्या तिथे कबूल करू नका. घरी आणा, एकेका ओळीपुढे 'हे माझ्या कामाला कशाला?' असं लिहा. ज्या ओळीचं उत्तर मिळणार नाही, ती खुशाल खोडा.