नमस्कार राहू दे, आधी तिला खुर्ची द्या

मागच्या महिन्यात आमच्या नातसुनेचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत! ओटी भरून झाली आणि नमस्कार सुरू झाले. औशातल्या ओळखीच्या साऱ्या आज्या, काकू, मावश्या जमलेल्या. सहाव्या-सातव्या नमस्काराला पोरीचा चेहरा पिळवटला, हात जांघेवर गेला. "काही नाही आजी, कळ आली," म्हणाली. लगेच चार आवाज उठले, "अगं माय, सगळ्यांनाच होतं. आम्ही नाही का सोसलं?"

त्या चारांत एक आवाज माझा होता. म्हणून आज हे लिहायला बसले.

मंडळी, हे दुखणं नाटक नाही. गरोदरपणात शरीरातल्या हार्मोन्समुळे सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. कमरेखालच्या हाडांचे सांधे जास्त हलू लागतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, मग उठता-वळताना जांघेत चमक मारते. साधारण पाचांतल्या एकीला कमरेखालच्या हाडांचा हा त्रास होतो. पुष्कळींना होतो म्हणजे तो सोसायचाच असतो, हे कुठलं तर्कशास्त्र? ताप पुष्कळांना येतो, आपण गोळी देतोच ना?

अमेरिकेतली आमची भाची म्हणाली, "मी दोन्ही खेपेला कायरोप्रॅक्टरकडे गेले, बरं वाटलं." असेलही. डॅनियल पामर यांनी 1895 मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला ही हाताने सांधे-मणके सरकवण्याची पद्धत सुरू केली. तिकडे त्यासाठी शिक्षण आणि परवाना लागतो. तरीही गरोदरपणातल्या दुखण्यावर तिचा पुरावा अजून तोकडाच आहे. आणि आपल्याकडे? मोबाईलवर कडकड हाडं वाजवणारे व्हिडिओ बघून कुणीही हात चालवायला बसतो. आमच्याच एका शेजारणीने हाडं बसवणाऱ्या बाबाचं नाव सुचवलं! सैल झालेल्या सांध्यांना अडाण्याचे झटके? मी स्पष्ट नाही म्हटलं.

म्हणजे एकीकडे "सोस", दुसरीकडे "झटका मार". मधला शहाणा रस्ता कुणाला दिसतच नाही. डॉक्टरांना सांगून शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. लातूर इथून वीसेक किलोमीटर. ते योग्य व्यायाम शिकवतात, गरज असेल तर कमरेचा पट्टा देतात. घरी करायचं तेही सोपं आहे. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी, उठताना दोन्ही पाय जोडून वळणं, परकर बसून घालणं, जिना एकेक पायरी. मात्र रक्त दिसलं, पाणी गेलं, ताप आला, पोट थांबून थांबून आवळू लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर हे सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना.

पण खरा उपाय याहून स्वस्त आहे, आणि तोच आपल्याला जड जातो: तिचं ओझं कमी करणं. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो. मराठवाड्यात ती घागर कुणाच्या कमरेवर असते, हे मी सांगायला नको. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात लिहिलं होतं, की नोकरदार गरोदर बाईने मागणी केली तर बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये. मालकाला कायदा आहे. सासूला, आजेसासूला कोणता?

माझ्या पहिल्या खेपेला मी सातवा महिना सरेपर्यंत उभ्याने तास घेतले. खुर्ची मागितली नाही, कारण घरी आईने सांगितलं होतं, सगळ्यांनाच होतं. ती कंबर आजही थंडीत बोलते. आणि तेच वाक्य मी पन्नास वर्षांनी नातसुनेला ऐकवलं! शिकवणारी बाई मी, पण शिकले काय?

आता आमच्या घरी नियम केलाय. पोटुशी बाईने कुणाच्या पाया पडायचं नाही. बसल्या जागी हात जोडले तरी आशीर्वाद पोचतो. एक-दोघी रुसल्या. रुसू द्या.

तुमच्या घरी काय चालतं? जरूर लिहा. पण आधी आत जाऊन सुनेला विचारा, "कुठे दुखतंय गं?" आणि ती सांगेल ते खरं माना.